ॲनिमे बघायचंय? मग या गाडीत बसा!

(महाराष्ट्र दिनानिमित्त मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यावर बोललं गेलं, गडकिल्ल्यांवर बोललं गेलं, मधुमेहावर आणि निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवरही बोललं गेलं. या पंक्तीत 'जपानी ॲनिमे' कुठून येऊन बसलं, हा प्रश्न काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर मला इथून स्वच्छ दिसतो आहे. मी काही समीक्षक नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला माणूस. रात्रपाळीहून घरी आलं की लगेच झोप लागत नाही, त्या वेळात गेली पंधरा-सोळा वर्षं मी ॲनिमे बघत आलो आहे, आणि ही खबर कार्यकारिणीला लागली, एवढंच! ऑफिसात दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, "पोरगा दिवसभर ते जपानी कार्टून बघत असतो, ते नक्की असतं तरी काय? आणि आम्ही बघायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?" आज या दोन प्रश्नांची उत्तरं देण्याचा प्रयत्न करतो.

बाप्पा जपानातही आहेत

मंडळ गणेशोत्सवाचं, तेव्हा सुरुवात बाप्पांपासूनच करू. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आपले गणपती फार पूर्वी जपानला पोचले. तिथे त्यांना 'कांगितेन' किंवा 'शोतेन' म्हणतात. टोकियोच्या असाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन नावाचं त्यांचं मंदिर आहे. तिथे भक्त दूर्वा नव्हे, तर पांढरा मुळा वाहतात! मूर्ती मात्र सहसा कोणाला दाखवत नाहीत, ती पडद्याआड असते. आणि क्योटोमध्ये 'कांगिदान' नावाची एक तळलेली मिठाई मिळते. तोंडाशी बांधलेल्या पुरचुंडीसारखा तिचा आकार असतो. तळणीच्या मोदकाची ती दूरची बहीणच म्हणायची. सांगायचा मुद्दा असा, की जपान आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. जपानी वाक्यात क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. नावापुढे 'सान', 'कुन', 'चान' लावतात, जसे आपण राव, पंत, ताई, दादा लावतो. चपला दाराबाहेर, जेवणाआधी हात जोडून दोन शब्द, उन्हाळ्यातल्या जत्रेत देवाची पालखी, आणि ओबोन नावाच्या दिवसांत घरी येणारे पितर! हे सगळं ॲनिमेत पदोपदी दिसतं. गणपती गेले की पितृपक्ष लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ओबोन समजावून सांगावा लागत नाही.

ॲनिमे म्हणजे काय?

'ॲनिमेशन' या शब्दाचं जपानी माणसाने केलेलं लघुरूप म्हणजे 'ॲनिमे'. म्हणजे हा प्रकार नव्हे, हे माध्यम आहे. मराठी नाटक म्हटलं की त्यात संगीत नाटक आलं, फार्स आला, कौटुंबिक आलं, ऐतिहासिकही आलं. तसंच हे. ॲनिमेत भुतंखेतं आहेत, क्रिकेटसारखी बेसबॉलची वेडं आहेत, स्वयंपाक आहे, बुद्धिबळासारखा शोगीचा डाव आहे, युद्ध आहे आणि निवांत बसून पाऊस बघणंही आहे. "ॲनिमे चांगलं की वाईट?" हा प्रश्न "पुस्तकं चांगली की वाईट?" या प्रश्नासारखाच आहे. कुठलं पुस्तक, आणि कोणासाठी, एवढंच विचारायचं असतं.

चित्रं हलवण्याचा नाद आपल्यालाही जुनाच. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यापेटीतल्या काड्या नाचवून दाखवल्या होत्या. जपानमध्ये या कलेचा मोठा धंदा झाला तो ओसामू तेझुका यांच्यामुळे. १ जानेवारी १९६३ रोजी त्यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका दूरदर्शन संचावर आली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, आणि पैसे तर तुटपुंजे! चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. तेझुकांनी एकेक चित्र तीन-तीन फ्रेम वापरलं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांवर काम भागवलं. अंग स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले, एकदा काढलेलं चित्र पुन्हा पुन्हा वापरलं. इंजिनियर मंडळींना ही काटकसर लगेच कळेल. जी चित्रं वाचली, तिची भरपाई त्यांनी गोष्टीने केली. ॲनिमेत माणूस बराच वेळ नुसता उभा राहून विचार करताना दिसतो, त्याचं एक मूळ या काटकसरीत आहे.

तुम्ही ॲनिमे आधीच पाहिलं आहे!

आता हात वर करा पाहू. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगलीचं 'जंगल बुक' कोणी कोणी बघितलं? बघा, अर्धा मंडप वर! मंडळी, ते ॲनिमेच होतं. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये काढलेली ५२ भागांची जपानी मालिका. हिंदीत आणताना शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, संगीत विशाल भारद्वाज यांनी दिलं, आणि शेरखानला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. नानांच्या आवाजात जपानी वाघाला डरकाळी फोडताना ऐकलेली आपली पिढी आहे. तेव्हा "आम्हाला या वयात काय ते कळणार" हे आता म्हणायचं नाही.

दुसरं उदाहरण खास दिल्लीचं. युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल यांच्या अलाहाबादजवळच्या उत्खननावर माहितीपट करत होते. त्या कामात त्यांना रामायण भेटलं, आणि ते त्यात इतके गुंतले की जपानीत उपलब्ध असलेली दहा रामायणं वाचून काढली. पुढे आपले ज्येष्ठ ॲनिमेटर राम मोहन यांना बरोबर घेऊन त्यांनी 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट केला. जानेवारी १९९३ मध्ये इथे नवी दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, रावणाचा अमरीश पुरींचा, आणि संगीत वनराज भाटियांचं. अयोध्या प्रकरणामुळे देशातलं वातावरण त्या वेळी तापलेलं होतं, आणि चित्रपटगृहांतून तो सर्वदूर पोचू शकला नाही. टीव्हीवर मात्र मुलांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, आणि अखेर २४ जानेवारी २०२५ रोजी नव्या झळाळत्या प्रिंटसह तो भारतभर प्रदर्शित झाला. घरातल्या आजी-आजोबांना ॲनिमे दाखवायचं असेल, तर या चित्रपटाने श्रीगणेशा करा. गोष्ट माहीत आहे, त्यामुळे सगळं लक्ष चित्रांकडे देता येतं.

नव्या प्रवाशांसाठी चार सूचना

पहिली सूचना: सुरुवात चित्रपटाने करा, मालिकेने नको. 'वन पीस' ही मालिका १९९९ पासून चालू आहे आणि तिचे अकराशेच्या वर भाग झाले आहेत. भागाला चोवीस मिनिटं धरली, तर अकराशे भागांचे चारशे चाळीस तास होतात, म्हणजे न झोपता, न जेवता अठरा दिवस! एवढी अर्जित रजा कोणालाच मंजूर होणार नाही.

दुसरी: वयाचा आकडा वाचा. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर प्रत्येक कार्यक्रमाला यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ किंवा ए असा शिक्का असतो. आम्ही सिग्नलवाले रंग बघितल्याशिवाय गाडी सोडत नाही, तसंच हे. चित्र काढलेलं आहे म्हणून ते लहान मुलांचं आहे, असं समजू नका. 'शिनचॅन' हे जपानमध्ये मुळात १९९० साली मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झालेलं हास्यचित्र आहे. भारतात २००८ मध्ये तक्रारींनंतर ते बंद झालं आणि काटछाट करून परत आलं, त्याचं कारण हेच.

तिसरी: भाषेचा बाऊ करू नका. हिंदी डबिंग आता पुष्कळ ठिकाणी मिळतं. तरुणांनी मूळ जपानी आवाज ठेवून खाली अक्षरं वाचावीत. ज्यांना चष्म्यातून अक्षरं पळताना दिसतात, त्यांनी खुशाल हिंदीत बघावं. "डब बघणारा खरा चाहता नाही" असं घरातलं कार्टं म्हणालं, तर त्याला नानांचा शेरखान ऐकवा.

चौथी: मालिका आवडते की नाही हे पहिल्या भागावरून ठरवू नका. तीन भाग द्या. तिसऱ्या भागानंतरही जांभई आली, तर पुढच्या स्टेशनावर उतरा.

कुठला चित्रपट कुठल्या ॲपवर आहे हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण ते वरचेवर बदलतं. तेवढं काम मागच्या रांगेवर सोपवा. लाजपतनगरला रिंग रोडवर जपान फाउंडेशनचं केंद्र आहे. तिथे ग्रंथालय आहे आणि अधूनमधून जपानी चित्रपटही दाखवतात. मेट्रोने जाऊन यायला काहीच हरकत नाही.

लहानग्यांबरोबर

दहा वर्षांखालची मुलं असतील, तर डोळे मिटून 'माय नेबर तोतोरो' लावा. हायाओ मियाझाकी यांचा १९८८ चा चित्रपट. आई इस्पितळात, म्हणून वडील दोन मुलींना घेऊन इस्पितळाजवळच्या खेड्यात राहायला येतात, आणि मुलींना जंगलात एक केसाळ, ढेरपोट्या प्राणी भेटतो. खलनायक नाही, मारामारी नाही. पावसात बसथांब्यावर दोघी बहिणी बाबांची वाट बघत उभ्या आहेत, धाकटी पेंगते आहे, आणि शेजारी तो प्राणी येऊन उभा राहतो. एवढ्याशा प्रसंगासाठी चित्रपट पाहावा. त्याच्या पाठोपाठ 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८९). तेरा वर्षांची चेटकीण रिवाजानुसार घर सोडून परगावी एक वर्ष राहते, घरोघर सामान पोचवून पोट भरते. ज्यांची मुलं-मुली यंदा होस्टेलवर जाणार आहेत, त्यांनी रुमाल जवळ ठेवून बघावा.

इथे एक धोक्याचा सिग्नल. तोतोरो ज्या दिवशी जपानात प्रदर्शित झाला, त्याच दिवशी, १६ एप्रिल १९८८ रोजी, त्याच खेळाला जोडून दुसरा चित्रपट दाखवला गेला. तो म्हणजे इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यात आई गमावलेले भाऊ आणि छोटी बहीण, आणि त्यांची उपासमार. चित्रपट थोर आहे, पण नव्या माणसाने पहिला म्हणून तो कधीही बघू नये आणि लहान मुलांना दाखवू नये. दहा चित्रपट पाहून झाले की अकरावा म्हणून एकट्याने बघा.

माझ्या रेल्वेवाल्यांसाठी

जपानी माणसाला रेल्वेचं वेडच आहे. 'गॅलेक्सी एक्सप्रेस ९९९' (मालिका १९७८, चित्रपट १९७९) मध्ये तर वाफेचं इंजिन थेट अंतराळात धावतं. 'डीमन स्लेयर' मालिकेचा 'मुगेन ट्रेन' (२०२०) हा चित्रपट वाफेच्या गाडीत घडतो. तो इतका गाजला की जेआर क्यूशू कंपनीने त्या नावाने खरीखुरी वाफेची गाडी चालवली. पुढचा 'इन्फिनिटी कॅसल' सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा पहाटेचेही खेळ लावावे लागले. मात्र 'डीमन स्लेयर'मध्ये रक्तपात भरपूर आहे. धाकट्यांना तिथे प्रवेश नाही.

पण रेल्वेवाल्याने पाहायलाच हवा असा चित्रपट वेगळा आहे. माकोतो शिंकाई यांचा 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंड' (२००७). चेरीच्या पाकळ्या ज्या वेगाने खाली येतात, तो हा वेग. मी हिशेब केला, ताशी ०.१८ किलोमीटर! आमच्या कुठल्याही कॉशन ऑर्डरपेक्षा कमी. चित्रपट जेमतेम तासाभराचा आहे. शाळेतला एक मुलगा, त्याची मैत्रीण बदलीमुळे दूर गेलेली. तो तिला भेटायला एकटाच निघतो. टोकियोतून गाड्या बदलत बदलत तोचिगी जिल्ह्यातल्या इवाफुने या छोट्या स्टेशनावर त्याला संध्याकाळी सातला पोचायचं आहे. आणि बर्फ पडायला लागतो. आधी पाच-दहा मिनिटं उशीर, मग अर्धा तास, मग गाडी उजाड माळावर उभीच राहते. मध्येच उद्घोषणा होते, दिलगिरी व्यक्त होते, दारं उघडतात, थंडी आत येते. मुलगा घड्याळाकडे बघतो आणि नंतर बघायचंही सोडतो. मोबाइल नाहीत. तिने घरी जावं, असं त्याला मनापासून वाटतं. तो पोचतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. वेटिंग रूममध्ये शेगडीजवळ, घरून करून आणलेला डबा मांडीवर घेऊन ती बसलेली असते.

मंडळी, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर धुकं उतरलं की आपल्याकडे काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या रजिस्टरात उशीर मिनिटांत लिहितात. कुठल्या खात्यावर किती मिनिटं टाकायची यावरून सकाळी वादही होतात. त्या मिनिटांच्या आत माणसं बसलेली असतात, आणि पलीकडच्या स्टेशनावर कोणी तरी डबा घेऊन बसलेलं असतं. ही गोष्ट इतक्या शांतपणे सांगणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. नव्याने लागलेल्या प्रत्येक जेईला तो दाखवावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

गाव सोडून आलेल्यांसाठी

आपण सगळे पोटापाण्यासाठी इकडे आलो. कोणी फरिदाबादेत, कोणी गाझियाबादेत, कोणी रेल्वे कॉलनीत. आपल्यासाठी दोन चित्रपट आहेत.

पहिला मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' (२००१). याला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं. चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी देव-भुतांच्या दुनियेत अडकते आणि तिथल्या स्नानगृहात नोकरी धरते. मालकीण नोकरी देताना तिच्या नावातली अक्षरं काढून घेते आणि म्हणते, आजपासून तू 'सेन'. जो आपलं खरं नाव विसरला, त्याला घरी परतता येत नाही, हा तिथला कायदा. आपली मुलं घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात, तेव्हा मला हा प्रसंग हटकून आठवतो. तक्रार म्हणून नाही. चिहिरो तिथे राबते, मित्र जोडते, तिथलीच होऊन काम करते, आणि तरीही नाव सांभाळून ठेवते. दोन्ही एकदम जमतं, हेच त्या चित्रपटाचं म्हणणं आहे. त्यात आणखी एक प्रसंग आहे. एक भयंकर घाणेरडा, दुर्गंधी येणारा पाहुणा स्नानाला येतो. चिहिरो त्याच्या अंगात रुतलेली सायकल ओढते, तशी मागोमाग मोडक्या सामानाची रास बाहेर पडते, आणि पाहुणा मोकळा होतो. ती घाणीने भरलेली नदी असते! यमुनेत मूर्ती विसर्जनाला आता मनाई आहे आणि आपण कृत्रिम तलावात विसर्जन करतो. ते का, हे मुलांना समजावण्यासाठी वेगळं परिपत्रक काढायची गरज नाही.

दुसरा 'ओन्ली येस्टरडे' (१९९१), ताकाहातांचा. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा काढून रात्रीच्या गाडीने यामागाता भागातल्या खेड्यात करडईची फुलं खुडायला जाते. गाडीत तिच्यासोबत तिचं पाचवीतलं रूप येतं. एका प्रसंगात १९६६ सालच्या त्यांच्या घरात पहिल्यांदा अननस येतो. तो कापायचा कसा, हेच कोणाला माहीत नसतं. शेवटी सगळं कुटुंब गोल बसून खातं, आणि तो निघतो आंबट-कडक! कोणी काही बोलत नाही. ज्यांच्या घरी पहिला फ्रिज, पहिला टीव्ही वाजतगाजत आला होता, त्यांना हे घर ओळखीचं वाटेल. हा चित्रपट चाळिशीच्या पुढच्यांसाठी आहे. मुलं कंटाळतील, त्यांना कंटाळू द्या.

घरात पंधरा-सोळा वर्षांचं कोणी आहे?

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या घरातलं मूल कानात हेडफोन घालून जे बघतं, ते आपण दारातून बघतो, आणि आपल्याला दिसतात मोठे डोळे आणि निळे केस. त्या निळ्या केसांखाली काय चाललंय ते बघायला आपण बसत नाही.

२०१६ चा 'अ सायलेंट व्हॉइस' हा नाओको यामादा यांचा चित्रपट, निर्मिती क्योटो ॲनिमेशनची. हाच तो स्टुडिओ, ज्याला जुलै २०१९ मध्ये एका माथेफिरूने आग लावली आणि ३६ जणांचा बळी गेला. या चित्रपटात शोया नावाचा मुलगा सहावीत असताना वर्गातल्या कर्णबधिर शोकोचा छळ करतो, तिची श्रवणयंत्रं मोडतो. पुढे सगळा वर्ग त्याच्यावरच उलटतो. काही वर्षांनी तो हातांची भाषा शिकून तिला भेटायला जातो. मधल्या काळात त्याला कोणाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, म्हणून चित्रपटात त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येकाच्या तोंडावर निळी फुली मारलेली दिसते. कोणाशी ओळख जमली की ती फुली गळून पडते.

माझ्या एका सहकाऱ्याची गोष्ट त्यांच्या आणि मुलाच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. अकरावीतला मुलगा. मार्क घसरलेले, बोलणं बंद. बाप म्हणे, सगळा दोष त्या ॲनिमेचा, वायफायच काढून टाकतो. मी म्हटलं, काढा, पण त्याआधी एकदा त्याच्याशेजारी बसून हा चित्रपट बघा. बसले. अर्ध्या चित्रपटानंतर मुलगा पडद्याकडे बघतच म्हणाला, "बाबा, मला पण वर्गात सगळ्यांच्या तोंडावर फुल्या दिसतात." आठ महिने वर्गातली काही मुलं त्याला त्याच्या तोतरेपणावरून छळत होती. घरात पत्ता नाही. बापाने चित्रपट थांबवला आणि रात्री दोनपर्यंत ऐकून घेतलं. पुढे शाळेत जाणं झालं, समुपदेशकाकडे जाणं झालं, एकदम सगळं सुरळीत झालं असंही नाही. पण आता मुलगा बोलतो. वायफाय आहे तसंच आहे.

ॲनिमेने मुलगा सुधारला, असं मी म्हणत नाही. बाप शेजारी बसला, हे महत्त्वाचं. पण बसायला काही निमित्त लागतं, आणि ज्या वयात मुलं "कसा आहेस?" या प्रश्नाला "ठीक" एवढंच म्हणतात, त्या वयात दुसऱ्याच्या गोष्टीतून स्वतःची गोष्ट सांगणं त्यांना सोपं जातं. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. या चित्रपटात जीव देण्याचा विचार आणि प्रयत्न दाखवला आहे. मुलाला एकट्याने बघायला देऊ नका, सोबत बसा. आणि कोणाच्याही घरी तशी काळजी वाटली, तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन करायला लाजू नका.

मालिका हव्यातच ना?

चित्रपट पचले की मालिकांकडे वळा. बदलीच्या गावी करमत नसेल, तर 'बाराकामोन' (२०१४), फक्त बारा भाग. रागाच्या भरात वडीलधाऱ्यावर हात उगारलेला एक सुलेखनकार दूरच्या बेटावर पाठवला जातो, आणि तिथली पोरंटोरं त्याला माणसात आणतात. खेळाडूंसाठी शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची 'हाइक्यू'. लांबचा प्रवास करायचा असेल, तर 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड' (२००९), ६४ भाग. मेलेल्या आईला परत आणायला गेलेले दोन भाऊ स्वतःचंच शरीर गमावून बसतात. काही मिळवायचं तर त्याच मोलाचं काही द्यावं लागतं, हा त्यातला नियम. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी. ज्येष्ठांसाठी 'फ्रीरेन' (२०२३). हजारो वर्षं जगणारी एक जादूगारीण आपला साथीदार म्हातारा होऊन गेल्यावर विचार करते की दहा वर्षं सोबत चाललो, पण याला ओळखून घ्यायचं राहूनच गेलं. 'डेथ नोट' आणि 'अटॅक ऑन टायटन' ही नावं मुलांच्या तोंडी असतात. दोन्ही उत्तम, दोन्ही मोठ्यांसाठी.

शेवटी गृहपाठ

भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी जायचं, असं चालणार नाही. गणेशोत्सव येतो आहे. मंडपात जाहीर खेळ लावायचा तर हक्कधारकांची रीतसर परवानगी लागते, तेव्हा हे घरोघरीच करायचं. दहा दिवसांत दोन चित्रपट. एक मुलांनी निवडायचा, एक तुम्ही. मोबाइल दुसऱ्या खोलीत. शेजारच्या घरातलं कोणी एकटं राहत असेल तर त्यालाही बोलवा. चित्रपट संपल्यावर मुलांना "यातून काय शिकलास?" असं अजिबात विचारू नका. तो प्रश्न शाळा विचारतेच. "तुला यातलं कोण आवडलं?" एवढंच विचारा, आणि मग गप्प बसून उत्तर ऐका. उत्तर लांबलं तर घड्याळ बघू नका.

मागच्या रांगेतल्या मित्रांनो, तुमच्यावरही जबाबदारी आहे. आई-बाबांना पहिल्याच दिवशी अकराशे भागांच्या गाडीत कोंबू नका. तोतोरोच्या बसथांब्यापासून सुरुवात करा.



जय महाराष्ट्र! गणपती बाप्पा मोरया!